उलटं कापड

गंजगोलाईच्या तोंडाशी रिक्षा अडकली नसती तर व्यंकटी सोनकांबळे सरळ स्टँडवर गेला असता, नांदेडची गाडी धरली असती आणि दुपारी साहेबापुढं बसून जे कबूल करायचं ते मुकाट्यानं कबूल करून परत आला असता. पण रिक्षा अडकली. पुढं पाण्याचा टँकर आडवा लागला होता, भोवती घागरींची झुंबड उडालेली, कुणी कुणाला वाट द्यायला तयार नाही. रिक्षावाला हॉर्नवर हात ठेवून शिव्या घालत बसला. व्यंकटीनं कंटाळून डावीकडं पाहिलं आणि तो पुढं वाकला. काकडीच्या एका गाड्यावर चार बांबू उभे करून कापड बांधलेलं होतं. मळकट, जाड, मधोमध फाटलेलं. त्या कापडाची शिवण त्यानं ओळखली. दुहेरी दुमड, तिच्यावर टाक्यांच्या दोन ओळी, आणि कड सरळ न जाता हळूच आत वळत गेलेली. अशी कड साऱ्या मराठवाड्यात कुणी कापत नाही. मंडपवाले कापड चौकोनी कापतात, कारण ते चौकोनीच येतं. वाकडं कापणारा येडा सगळ्या लातुरात एकच, आणि तो या घडीला रिक्षात बसून आपल्याच छताचा तुकडा बघत होता.

"काय बघून राहिलास?" शेजारून सरजाबाईनं विचारलं. सरजाबाई म्हणजे त्याची आई. डावा खांदा वाकडा धरून बसलेली, कारण तो मोडून परत जुळला होता आणि जुळताना नीट जुळला नव्हता. गेल्या उन्हाळ्यापासून तो तिच्याशी जेवढ्यास तेवढंच बोलत होता. जेवलीस का, गोळी घेतलीस का, दार लावून घे. आज तिला कुणी बोलावलं नव्हतं. सकाळी नकाशांची नळी काखेत मारून तो बाहेर पडला, तर ही आधीच रिक्षात जाऊन बसलेली. "मला बी नांदेडला यायचंय, बहिणीला भेटंन म्हणलं," असं म्हणाली होती. बहीण नांदेडला होती हे खरं, पण बहिणीचा असा उमाळा तिला कधी आल्याचं त्याला आठवत नव्हतं.

तो उतरून गाड्यापाशी गेला. काकडीवाली निलंग्याकडची, नाव कमलम्मा. शेजारचा लिंबूवाला तिला त्याच नावानं हाका मारत होता. हे कापड कुठून आणलंस, असं व्यंकटीनं विचारल्यावर तिनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "का? तुमचं हाय?" माझंच आहे म्हणाला. "समदे असंच म्हणतेत," ती म्हणाली. "नव्या कचेरीच्या मागं ढीग पडला व्हता. लोकं नेऊन राहिली व्हती, म्या बी एक तुकडा उचलला. त्या येड्या इंजिनेरानं सोताच्या आईवर मंडप पाडला न्हाई का, त्येचं हाय." हे बोलताना ती हसली, कारण सगळं लातूर हे बोलताना हसत होतं. दोन पावलांवर रिक्षात सरजाबाई बसून ऐकत होती. व्यंकटीला सगळ्यात जास्त चीड आली ती मंडप या शब्दाची. आई म्हणा, पाडला म्हणा, येडा म्हणा, पण मंडप म्हणू नका. "उलटं बांधलंय तुम्ही," तो तडकून म्हणाला, "त्याची पाठ वर पाहिजे." कमलम्मानं वर बघितलं. कापड मधोमध पोटासारखं खाली लोंबत होतं. सकाळी गारव्यासाठी शिंपडलेलं पाणी त्या पोटाशी जमून, फाटक्या जागेतून काकड्यांवर टिपटिप पडत होतं. "पाठ का पोट, मला काय करायचंय," ती म्हणाली. "सावली पडली म्हंजी झालं."

तेवढ्यात व्यंकटीच्या अंगात ते परत आलं. ते म्हणजे काय हे त्याला कधीच नीट सांगता आलं नसतं, पण कॉलेजात, मुंबईच्या ऑफिसात, जिथं जिथं कुणी त्याच्याकडं बघून हसलं होतं तिथं तिथं ते मानेच्या मागच्या बाजूनं वर चढायचं. वर्षभर ते झोपलं होतं. आज आयुष्यात पहिल्यांदा तो आपणहून मान खाली घालायला निघाला होता आणि या बयेनं नेमक्या त्याच दिवशी त्याचं कापड उलटं टांगून ठेवलं होतं. त्यानं हातातली छत्री पुढं केली. शिकायला जर्मनीला गेला होता तेव्हा आणलेली, मोठी, काळी, दांड्यावर खटका दाबला की फाडकन उघडणारी. ही घ्या आणि ते मला द्या. कमलम्मानं खटका दाबून बघितला, छत्री उघडली तशी एक पाऊल मागं सरकली, परत मिटवून परत उघडली, आणि मग काही न बोलता कापडाच्या गाठी सोडायला लागली. ओलसर तुकड्याची घडी करून व्यंकटी रिक्षात येऊन बसला. सरजाबाईनं त्या घडीकडं पाहिलं, मांडीवर जागा केली आणि घडी स्वतःकडं घेतली. टँकर हलला.

नांदेडच्या गाडीत खिडकीची जागा तिनं घेतली. चाकूर मागं पडलं. बाहेर रानं उघडी पडलेली, बांधावरच्या बाभळीसुद्धा धुळीनं पांढऱ्या झालेल्या, आणि दर गावाच्या शिवेवर टँकरची वाट बघत मांडलेल्या घागरींची रांग. घागरी रांगेत आणि माणसं झाडाखाली. नवा जिल्हा झाला तेव्हाही लातूरच्या कचेरीच्या आवारात हेच चित्र होतं, फक्त घागरी नव्हत्या. लातूर जिल्हा झाल्याचं कळलं त्या आठवड्यात त्यानं मुंबईची नोकरी सोडली होती. नोकरी कसली, श्रीमंतांच्या न्हाणीघरांच्या फरशा मोजायच्या. नव्या जिल्ह्यात सगळं नव्यानं बांधणार, तिथं आपल्याला कुणी तरी विचारील असं त्याला वाटलं. विचारलं की! जो भेटला त्यानं हेच विचारलं, स्लॅब किती दिवसांत टाकाल? कचेरीपुढच्या उघड्या आवारात औशापासून उदगिरापर्यंतची माणसं कागद घेऊन यायची आणि सकाळी भिंतीच्या पश्चिमेला, दुपारनंतर पूर्वेला बसायची. सावली सरकली की सगळा घोळका उठून सावलीमागं सरकायचा, म्हातारी माणसं ढुंगणावर घसटत. व्यंकटीनं एक अख्खा दिवस उभं राहून हे बघितलं आणि त्याचं डोकं फिरलं. एवढ्या माणसांवर स्लॅब टाकायचा तर दहा खांब लागतील, सिमेंट लागेल, आणि सिमेंट कालवायला पाणी लागेल. पाणी कुठंय? त्यापेक्षा दोन खांब, तारेचे दोर आणि कापड. असं कापलेलं आणि असं ताणलेलं कापड, की वारा आला तरी त्यानं फडफड करू नये. अधिकारी हसले. पण सिमेंट खरंच मिळत नव्हतं, उन्हाळा डोक्यावर आला होता, आणि कापडाला लागतंय काय, असं म्हणून त्यांनी त्याला होकार दिला.

कापड ताठ कसं उभं राहतं हे त्याला जर्मनीत कळलं असं तो लोकांना सांगायचा, कारण जर्मनी म्हटलं की लोक ऐकून घ्यायचे. खरं म्हणजे ते त्याला औशाच्या रस्त्यावर कळलं होतं. बाहत्तरचा दुष्काळ. तो मुंबईहून सुट्टीला आलेला, वसतिगृहाच्या खाण्यानं पिवळा पडलेला, आणि घराला कुलूप. आई रोजगार हमीच्या कामावर खडी फोडत होती. कामावर सावली पाहिजे असा सरकारचा नियम होता, म्हणून चार काठ्यांवर पोत्यांची झूल बांधलेली. वारा सुटला की ती वर उडायची, परत खाली आपटायची, आणि सावलीतली लेकरं दचकून रडायची. व्यंकटी जाऊन बसला, अर्धा तास ती आदळआपट बघितली, मग उठून समोरासमोरच्या दोन काठ्या उंच केल्या आणि उरलेली दोन टोकं खाली ओढून दगडाला बांधली. झूल पिळली गेली, घोड्याच्या खोगिरासारखी झाली आणि गप्प बसली. एकदम गप्प. वारा तसाच होता. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. "सरजे, पोरगं शिकून आलं न् मांडव वाकडा करून ठिवला बघ!" सरजाबाई हातोडा खाली ठेवून झुलीखाली आली, वर बघितलं, हात लावून बघितला. "वाकडं हाय पन हालंना," ती म्हणाली आणि परत खडी फोडायला गेली. पुढं कॉलेजात लोकांनी त्याला वसतिगृहाच्या मोरीत तारेची कडी साबणाच्या पाण्यात बुडवताना पकडलं, फुगेवाला म्हणून नाव पाडलं, तेव्हा ते नाव त्यानं अंगावर मिरवलं. कडीवर धरलेला साबणाचा पापुद्रा कुठंही सैल नसतो, कुठंही जास्त ताणलेला नसतो. परीक्षकांनी विचारलं, सोनकांबळे, तुमच्या इमारतीला भिंत कुठंय? त्यानं विचारलं, सर, भिंत कशाला पाहिजे? गुण कमी पडले. पडू देत. भिंतींशी त्याच्या घराण्याचं असंही कधी फारसं जमलं नव्हतं.

अहमदपूरला गाडी थांबली. सरजाबाईनं पिशवीतून भाकर काढली, चटणी लावली, अर्धी त्याच्यापुढं केली. त्यानं घेतली. खाताना त्याचं लक्ष तिच्या डाव्या हाताकडं गेलं. भाकर मोडताना तो हात नुसता साक्षीला होता, मोडत होता उजवाच. नांदेडच्या नजीर शामियानेवाल्यानं ते छत शिवलं तेव्हा सरजाबाई सुया ओवून द्यायला शेजारी बसायची. "साब, कपडा टेढा काटना गुनाह है," नजीर रोज एकदा म्हणायचा आणि रोज व्यंकटीनं आखलेल्या रेषेवरून वाकडं कापायचा. छत चढवलं त्या दिवशी दोघं तिघं मिळून फिरक्या आवळत होते. फिरकी म्हणजे तारेच्या दोराच्या टोकाशी लावलेला लोखंडी स्क्रू, तिच्यात सळई घालून फिरवली की तणावा आवळतो, उलटी फिरवली की सैल होतो. छत ताणलं गेलं, नजीरनं त्यावर थाप मारली तर ढोलकी वाजली. माणसं सावलीत येऊन बसली, आणि कित्येक दिवस व्यंकटी येता जाता त्यांना मोजल्यासारखं बघायचा. भिंतीमागं कुणी सरकत नव्हतं. कचेरीतल्या साहेबांनी एकच अट घातली होती, पावसानं आवारात चिखल नको. चिखल? एक थेंब पडणार नाही, व्यंकटी म्हणाला होता. खालची दोन्ही टोकं त्यानं नेमकी कुंपणाबाहेरच्या गटारावर आणून सोडली होती. पाणी छतावरून वाहील, टोकाशी येईल आणि थेट गटारात. नकाशात ते इतकं देखणं दिसत होतं की त्यानं त्याला लाल पेन्सिलीनं बाण काढला होता.

वैशाखात अवकाळी पाऊस आला. रविवार होता, आवारात कुणी नव्हतं. व्यंकटी उदगीरला गेलेला. परत आला तेव्हा छत जमिनीवर पसरलेलं, एक खांब आडवा, आणि आईला दवाखान्यात नेलेलं. मधोमध पाणी साचून छताला पोट सुटलं, पोट वाढत गेलं, आणि मग सगळं एकदम खाली आलं, असं पहारेकऱ्यानं सांगितलं. असं होणं शक्य नव्हतं. त्या आकारात पाणी साचायला जागाच नव्हती, जोवर चारही तणावे आवळलेले आहेत तोवर. त्यानं जाऊन फिरक्या बघितल्या. पूर्वेची फिरकी पार शेवटपर्यंत उघडलेली, सळई अजून तिच्यातच. तिच्याखाली दोन टिपाडं, पत्र्याची पिंपं, उभी. दवाखान्यात खांदा बांधून पडलेल्या सरजाबाईनं तो काही विचारायच्या आधीच सांगून टाकलं. "म्या केलं. समदं पानी गटारात चाललं व्हतं. फिरकी सोडली म्हंजी टोक आत येईल न् पानी टिपाडात पडंल, म्हणून सोडली. तू फिरवतोस तशीच फिरवली." बोलताना तिच्या आवाजात चोरी नव्हती. उतू जाणारं दुधाचं भांडं चुलीवरून खाली ओढलं असं सांगावं तसं ती सांगत होती.

त्यानं तेव्हा काय केलं? काही नाही. आईवर ओरडावं एवढा तो वाईट नव्हता, आणि तिला माफ करावं एवढा चांगलाही नव्हता. तो गप्प बसला. चौकशीत विचारलं तेव्हा गप्प बसला, वर्तमानपत्रात एक वृद्धा जखमी, वास्तुविशारदाची माता, असं छापून आलं तेव्हा गप्प बसला, आणि घरात तर वर्षभर गप्पच होता. आईला वाचवतोय असं त्यानं स्वतःला पटवलं होतं. गाडी लोह्याच्या रस्त्याला लागली तसं त्याच्या मनात पहिल्यांदा आलं, की आपण हिला नाही, स्वतःला वाचवत होतो. जर्मनीला जाऊन आलेल्या माणसाच्या आईनं टिपाडभर पाण्यापायी त्याचं छत पाडलं, हे लोकांना कळण्याची त्याला लाज वाटत होती. लाज! आणि ती कुणाची, तर हिची. त्याला गावची विहीर आठवली. तो लहान होता, बापानं घरातले देव नदीत सोडायच्या आधीचे दिवस. देव गेले पण पोराचं नाव मात्र देवाचंच राहिलं, कारण सरजाबाई म्हणाली, हाक मारायची सवय झाली आता. त्या विहिरीपासून दहा हात लांब त्यांनी घागर ठेवून उभं राहायचं. कुणी आलं, त्याच्या मनात आलं, तर तो वरून ओतायचा, अंतर राखून. घागरीबरोबर ओंजळीतही ओतायचा. ओंजळीतलं पाणी कोपरावरून खाली गळायचं आणि सरजाबाई ते मातीत पडू नये म्हणून कोपराला तोंड लावायची. एवढं सगळं माहीत असलेल्या माणसानं, हिच्या पोटच्या पोरानं, दुष्काळी जिल्ह्यात असं छत बांधलं होतं की आभाळातून फुकट आलेलं पाणी चोख गटारात जावं. वर लाल बाणही काढला होता. व्यंकटीला गाडीतच मान खाली घालून हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले.

"त्या दिवशी टिपाड भरलं होतं का?" त्यानं विचारलं.

सरजाबाई खिडकीबाहेर बघत होती. वर्षभरानं तो तिला गोळी आणि दार सोडून दुसरं काही विचारत होता, पण तिनं त्याचा बोभाटा केला नाही. "येक भरलं व्हतं," ती म्हणाली. "दुसरं भरत आलं व्हतं. मग पडलं."

"पाणी लई जड असतं, आई."

"आता कळलं की," खांद्याकडं हनुवटी दाखवत ती म्हणाली. "तुला आधी ठावं व्हतं तर सांगायचं व्हतंस."

त्यानं तिच्या मांडीवरची घडी उचलली आणि उलगडली. तुकडा वाकडा कापलेला, त्यामुळं मांडीवर सपाट बसेना, एका बाजूनं फुगायचा. त्यानं तो उलटा केला, कमलम्मानं बांधला होता तसा, दोन गुडघ्यांवर पसरला आणि मधल्या फाटक्या जागी बोट घालून खाली ओढलं. कापड ताठ झालं. सैल सोडलं की पोट, खाली ओढलं की ताठ. सैल पोटात पाणी साचतं आणि छत पडतं, पण तेच पोट मधोमध दोरानं जमिनीकडं ओढून धरलं तर ते पोटच राहत नाही. कडा उंच, मधला बिंदू खाली, पाणी सगळीकडून आत, आणि आत खाली हौद. कुणाला विचारायला नको, कुणाच्या मनात यायला नको. त्यानं परत सोडलं, परत ओढलं. पुढच्या बाकावरचा एक म्हातारा वळून बघायला लागला. बघू दे. नळीतला भोकरच्या बाजारासाठी काढलेला नव्या छताचा नकाशा, तो घोड्याच्या खोगिराचा, रेखीव, बाणांसकट, त्यानं नांदेडच्या स्टँडवर उतरल्यावर उघडूनही पाहिला नाही.

बिराजदार साहेब तसे वाईट नव्हते. बांधकाम खात्यातले मोठे अभियंते, केस पिकलेले, बोलणं सावकाश. टेबलावर पाण्याची काचेची सुरई, तिच्याशेजारी साहेबांचा स्वतःचा ग्लास, त्यावर झाकणी. बाजूला दोन तरुण अभियंते. सरजाबाई बाहेर व्हरांड्यात पायरीवर बसली. बहिणीचं नाव तिनं परत काढलं नव्हतं. "सोनकांबळे, मी तुमचा वैरी नाही," साहेब म्हणाले. "भोकरच्या बाजाराच्या आवारावर छप्पर टाकायचंय. एक तर तुम्ही लिहून द्या की पहिलं छत आखणीतल्या चुकीनं पडलं, कापडाचं काम अशा जागी चालत नाही. मग आम्ही तिथं स्लॅब टाकू, आणि त्याचं कामही मी तुम्हालाच देईन. नाही तर दुसरं. तो नजीर शामियानेवाला सांगून गेलाय, फिरकी उघडी होती. कुणी उघडली, नाव द्या. त्याच्यावर कारवाई होईल, तुम्ही मोकळे. पण नुसतं गप्प बसू नका. स्वतःच्या आईवर पडलेलं छत अजून किती दिवस राखणार?"

वर्षभर हे वाक्य ऐकून व्यंकटीची मान खाली जायची. आज गेली नाही. "नाव लिहून घ्या," तो म्हणाला. "सरजाबाई लिंबाजी सोनकांबळे."

साहेबांचं पेन थांबलं. "ज्यांच्यावर पडलं त्या?"

"त्याच. माझी आई. बाहेर बसलीय, बोलवा."

शिपाई सटवाजीनं तिला आत आणलं. ती दारातच उभी राहिली, बसा म्हटलं तरी बसली नाही. "हाव, म्याच फिरकी सोडली," साहेबांनी विचारायच्या आधी ती म्हणाली. "पानी गटारात चाललं व्हतं. वजन एवढं असंल ह्ये मला ठावं नव्हतं. ते चुकलं. कारवाई करायची तर करा, पन पोराला मंडपवाला म्हणू नका." तरुण अभियंत्यांपैकी एक म्हणाला, बाई, माणसं मेली असती. "खाली म्या येकलीच व्हते बापा," ती म्हणाली. "मेले असते तर मीच."

"तिचं चुकलं ते तिनं सांगितलं, आता माझं ऐका," व्यंकटी म्हणाला. आवाज चढला होता, त्यानं चढू दिला. "हिनं दोर सैल केला ही तिची चूक. पण जिथं माणसं टँकरमागं धावतात तिथं मी पाणी गटारात फेकणारं छत बांधलं, ही माझी. लिहा हे. मोठ्या अक्षरात लिहा. पण कापडाचं छत चालत नाही असं लिहाल तर त्याच्याखाली माझी सही मिळणार नाही. आज नाही, कधीच नाही. तुमचा स्लॅब मला नको. आणि भोकरला नाही बांधू दिलंत तर कंधारला बांधीन, तिथं नाही तर माझ्या दारात बांधीन. आता उठा जरा, हे धरा."

काखेतला तुकडा त्यानं टेबलावर उलगडला तशी काकडीचा आणि धुळीचा वास खोलीत पसरला. एक कोपरा एका अभियंत्याच्या हातात, दुसरा दुसऱ्याच्या, तिसरा सटवाजीच्या. चौथा कोपरा हवेत राहिला. बिराजदार साहेब बघत बसले होते. मग ते खुर्ची मागं सारून उठले आणि त्यांनी तो धरला. उंच धरा, व्यंकटी म्हणाला, बाहेर ताणा. कापडाला मधोमध पोट सुटलं. "हे पडणारं छत," तो म्हणाला. "आता बघा. आई, मधून खाली ओढ." सरजाबाई पुढं आली, वाकून कापडाखाली शिरली, उजव्या हातानं फाटक्या जागेची कड घट्ट धरली आणि खाली ओढली. चौघांच्या हातांना हिसका बसला. कापड ताठ झालं. त्यानं थाप मारली आणि ढोलकी वाजली. मग त्यानं टेबलावरची सुरई उचलली.

"साहेब, पाणी!" सटवाजी कळवळून ओरडला. "दिवसाला तेवढीच येतीया."

व्यंकटीनं अख्खी सुरई कापडावर ओतली. पाणी चहूकडं पसरलं, क्षणभर घुटमळलं आणि सगळं मिळून मधोमध धावत आलं. फाटक्या जागेतून त्याची धार खाली लागली. सरजाबाईच्या तोंडापुढूनच ती चालली होती. तिचा डावा हात सवयीनं वर आला, ओंजळीचा अर्धा आकार झाला. पण ओंजळीला दोन हात लागतात आणि तिचा एक कापडात गुंतलेला. तिनं कापड सोडलं नाही. तो वाकडा खांदा दुखवत तिनं डावा हात लांबवला, साहेबांच्या ग्लासवरची झाकणी बाजूला सारली, ग्लास उचलला आणि धारेखाली धरला. ग्लास भरला. ती उभ्या उभ्या सावकाश तो सगळा प्याली, ओठ पुसले आणि ग्लास होता तिथं साहेबांच्या टेबलावर परत ठेवला.

"धुळीचा वास येतोय," ती म्हणाली. "पन गटारात न्हाई गेलं."

बिराजदार साहेब आपल्या ग्लासाकडं बघत होते. मग त्यांनी वर ताठ झालेल्या कापडाकडं पाहिलं, कडेनं, खालून, परत कडेनं. "भोकरला खाली हौद केवढा धरावा लागेल?" त्यांनी विचारलं, आणि कुणी उत्तर द्यायच्या आधी, हात भरून आल्यामुळं असेल, जरा अवघडून म्हणाले, "सोडू का आता?"

"न्हाई," कापडाखालून सरजाबाई म्हणाली. "धरून ठिवा, साहेब. पोराला नीट बघू द्या. सैल सोडू नका."